पक्षाचा झेंडा ग्रामसभेबाहेर ठेवा : मुळगावकरांना जाहीर आवाहन

गोवा विधानसभेची निवडणूक २०२७ च्या सुरुवातीला अपेक्षित आहे आणि पंचायतींची पाच वर्षेही त्याच साली भरतात. निवडणूक जवळ आली की वाड्यावाड्यांवर माणसांची वाटणी सुरू होते: हा त्यांचा, तो आपला. प्रचाराची गाडी गावात शिरण्याआधीच मोबाईलवरचे गट पेटतात. मुळगाव, डिचोली आणि पेडण्याच्या नागरिकांना हे आवाहन त्यासाठीच.

वाद घालू नयेत, असे कोणी म्हणत नाही. गोव्याने मोठे वाद पाहिले आणि पचवलेही. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात प्रश्न एकच होता: महाराष्ट्रात विलीन व्हायचे की संघप्रदेश म्हणून राहायचे? विलीनीकरणाची निशाणी फूल, विरोधाची दोन पाने. डिचोली-पेडण्यात फुलाचा जोर होता. निकाल लागला तेव्हा पानांना १,७२,१९१ मते, फुलाला १,३८,१७०. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून विलीनीकरणवादी मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांचे सरकार आधीच पायउतार झाले होते. विलीनीकरणाची बाजू हरली, पण अडीच महिन्यांच्या आत झालेल्या निवडणुकीत त्याच भाऊसाहेबांना लोकांनी पुन्हा मुख्यमंत्री केले. कौल जिंकलेले डॉ. जॅक सिक्वेरा विरोधी बाकावर बसले. कौल कोणी नाकारला नाही आणि सत्ताही कोणी अडवली नाही.

राजभाषा कोकणी की मराठी, या वादाच्या वेळी मात्र पाऊल घसरले. १९८६ च्या अखेरीस आंदोलन चिघळले, रस्ते अडले, माणसांचे जीव गेले. फेब्रुवारी १९८७ मध्ये कायदा झाला. देवनागरी कोकणी राजभाषा ठरली आणि मराठीच्या सरकारी वापराचीही तरतूद झाली. घरात कोकणी बोलणारी, सकाळी मराठी वर्तमानपत्र उघडणारी आणि देवळात मराठी अभंग गाणारी कुटुंबे डिचोली-पेडण्यात घरोघरी आहेत. त्यांना ‘एक बाजू निवडा’ म्हणणे म्हणजे घरातच भिंत घालणे. मराठीचा आग्रह धरणाऱ्याने तो जरूर धरावा, कोकणीवाल्यानेही धरावा. समोरच्याला गोव्याचा वैरी ठरवण्याची गरज दोघांनाही नाही.

ज्यांच्यासाठी शेजाऱ्याशी अबोला धरायचा, त्या पुढाऱ्यांचे वागणेही एकदा तपासावे. पेडण्यातून २०१७ मध्ये महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या (मगो) सिंह चिन्हावर निवडून आलेले मनोहर आजगावकर मार्च २०१९ मध्ये भाजपमध्ये गेले. जानेवारी २०२२ मध्ये काँग्रेसच्या उमेदवारांनी पणजीची महालक्ष्मी, बांबोळीचा खुरीस आणि बेतीचा दर्गा अशा तिन्ही ठिकाणी पक्ष न सोडण्याची शपथ घेतली. त्यातल्या अकरा जणांना लोकांनी निवडून दिले आणि सप्टेंबरात आठ भाजपमध्ये गेले. पुढारी एका दिवसात एकत्र आले. त्यांच्यासाठी भांडलेले कार्यकर्ते मात्र अजून एकमेकांच्या चवथीला जात नाहीत.

मुळगावात या फाटाफुटीची झळ खाणीच्या प्रश्नाला लागते. डिचोलीचा पहिला खनिज ब्लॉक २०२२ च्या अखेरीस लिलावात वेदांता कंपनीकडे गेला आणि २०२४ मध्ये काम सुरू झाले. घरे, देवळे, शेती लीजमधून वगळावी, अशी मुळगावकरांची मागणी आहे. दुसरीकडे २०१२ ची बंदी आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलेली ८८ लीजे यांनी ट्रकवाल्यांचे, गॅरेजवाल्यांचे काय झाले, तेही गावाने पाहिले आहे. कर्जाचा हप्ता थकलेला ट्रकमालक आणि शेतात गाळ आलेला शेतकरी बहुधा एकाच वाड्यावरचे, कधी एकाच घरातले असतात. दोघांनाही पोट आहे. एकाला ‘खाणवाल्यांचा दलाल’ आणि दुसऱ्याला ‘विकासाचा शत्रू’ म्हटले की मूळ प्रश्न बाजूला पडतात: हद्द कुठवर, पाणी कोणाचे, शेतीची भरपाई किती?

आग धर्मावरूनही लागते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्याविषयीच्या एका वक्तव्यावरून मडगावात लोक रस्त्यावर उतरले आणि वाहतूक ठप्प झाली. अशा वेळी आग लावणारा संदेश डिचोलीच्या मोबाईलवरही पोचतो. तो पुढे ढकलण्याआधी मुळगावकरांनी आपल्या देवी केळबाईचे गोत आठवावे. लोककथेप्रमाणे शिरगावची लईराई, मयेची महामाया, मोरजीची मोरजाई या तिच्या बहिणी, आणि म्हापशाची मिराबाई म्हणजेच मिलाग्रिस सायबीण हीही बहीणच. या सायबिणीच्या फेस्ताला हिंदू आजही तेल घेऊन रांगेत उभे राहतात.

तेव्हा नागरिकांना विनंती अशी. पंचायतीची निवडणूक कायद्याने पक्षचिन्हाविना होते, मग ग्रामसभेतही पक्षाचे नाव घेऊ नये. विरोधी मत मांडणाऱ्याला बोलू द्यावे, त्याचा माईक ओढू नये. देवस्थानच्या उत्सवात कोणत्याही पक्षाचा फलक लावू नये. खातरजमा न झालेला संदेश गटात टाकू नये आणि टाकणारा घरचा असला तरी त्याला तिथेच थांबवावे. तरुण मुलांनी उमेदवाराला दोन प्रश्न लेखी विचारावेत: खाणीची हद्द आणि पिण्याचे पाणी याबद्दल तुमची भूमिका काय? उत्तर देवळाजवळच्या फलकावर लावावे.

ग्रामसभा जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये रविवारी भरते. पुढच्या सभेला शेतकरी, ट्रकमालक आणि देवस्थानचे महाजन यांनी एकत्र बसून खाणीच्या हद्दीचा ठराव मांडावा. ज्यांना तो मान्य नसेल त्यांची नावे आणि कारणेही इतिवृत्तात लिहून घ्यावीत.