कारपेक्षा स्वस्त स्पीडबोट मिळतेय, पण पहिली जुनी बोट घेताना बघायचं काय?

रील्स बघता बघता हे दृश्य एकदा तरी तुमच्यासमोर आलं असेल. लांब निमुळत्या नाकाची बोट, मागे पाण्याचा फवारा आणि लाटेवरून उडी घेऊन अख्खी बोट हवेत. खाली हमखास एक कमेंट असते, ‘भावा, कितीला पडते?’

उत्तर ऐकून चकित व्हायला होतं. अमेरिकेत २२ ते २४ फुटांची, वीसेक वर्षं जुनी आणि ताशी ९०-१०० किलोमीटर पळणारी बोट नव्या साध्या कारपेक्षा कमी पैशांत मिळू शकते. तिकडे तळ्याकाठी घर असलेल्या आपल्या मंडळींनाही अशा जाहिराती खुणावतात. मग घरच्या ग्रुपवर स्क्रीनशॉट येतो, ‘घेऊ का?’

आधी बाजाराचं बघू. २०२० मध्ये कोविडमुळे फिरणं बंद झालं आणि अमेरिकन माणूस पाण्याकडे वळला. त्या एका वर्षात तिथे ३ लाख १० हजारांवर नव्या पॉवरबोटी विकल्या गेल्या. २००८ नंतरचा हा सगळ्यात मोठा आकडा. पुढे २०२२ च्या सुरुवातीला शून्याजवळ असलेला व्याजदर जुलै २०२३ पर्यंत सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर गेला. कर्जाचे हप्ते वाढले, ऑफिसं सुरू झाली आणि हौसेने घेतलेल्या बोटी ताडपत्रीखाली गेल्या. आता त्या विकायला निघतात. म्हणजे घेणाऱ्याला घासाघीस करायला वाव आहे.

पण खरी मेख किमतीत नाहीच, ती बोटीच्या पोटात आहे.

जाहिरातीत लिहिलेलं असतं, ‘इंजिन फक्त ३०० तास चाललंय.’ कारच्या हिशेबाने हे काहीच नाही. पण कार हायवेवर आपल्या ताकदीचा थोडाच भाग वापरते. वेगात पळणाऱ्या बोटीचं इंजिन म्हणजे दिवसभर खंबाटकी घाट चढणारा ट्रक. त्याला उताराची विश्रांती नाही. उलट वीस वर्षांत फक्त ३०० तास चाललं असेल, तर बाकीचा काळ ते नुसतं उभं होतं, आणि उभं राहणं इंजिनाला मानवत नाही.

त्यातही बोट आली कुठून हे महत्त्वाचं. फ्लोरिडाची असेल तर खारं पाणी इंजिन थंड करता करता एक्झॉस्टचे लोखंडी भाग आतून खातं. ते सडले की पाणी थेट सिलिंडरमध्ये शिरतं आणि इंजिनाचा निकाल लागतो. मिशिगनची असेल तर गोडं पाणी चांगलं, पण हिवाळ्याआधी इंजिनातलं पाणी काढलं नसेल तर त्याचा बर्फ होऊन ब्लॉक तडकतो. दोन्ही बिघाड फोटोत दिसत नाहीत. मेकॅनिककडून प्रत्येक सिलिंडरची कॉम्प्रेशन टेस्ट करून घेतली की बरंच काही कळतं.

दुसरी जागा म्हणजे ट्रान्सम, बोटीची मागची भिंत. इंजिनाचा सगळा जोर हिच्यावर येतो. बऱ्याच जुन्या बोटींत फायबरच्या दोन थरांमध्ये प्लायवूड असतं. एखाद्या स्क्रूच्या भोकातून पाणी आत गेलं की वरून चकचकीत आणि आतून भुसा. हातोडीने हलकं ठोकून बघतात. टणक आवाज आला तर ठीक, बद्द आला तर शंका. हे काम सर्व्हेअरचं. त्याची फी जड वाटते, पण ट्रान्सम बदलायचा खर्च ऐकला की ती हलकी वाटू लागते.

आणि पेट्रोल! ढोबळ हिशेब असा की पूर्ण वेगात इंजिनाच्या हॉर्सपॉवरला दहाने भागलं की तासाला किती गॅलन लागतील ते कळतं. ४०० हॉर्सपॉवरला ४० गॅलन, म्हणजे तासाला सुमारे १५० लिटर. दोन इंजिनं असतील तर दुप्पट. माझ्या मते पहिली बोट एकाच इंजिनाची असावी. दोन इंजिनांची रुबाबदार ‘सिगारेट’ नंतर बघता येईल. (हा शिवीचा किंवा व्यसनाचा विषय नाही, डॉन अ‍ॅरोनो या माणसाने काढलेला तो ब्रँड आहे. फॉर्म्युला, डोन्झी, मॅग्नम हेही त्याचेच. १९८७ मध्ये मायामीत गोळ्या घालून त्याचा खून झाला. ती गोष्ट पुन्हा कधीतरी.)

आता चालवणाऱ्याचं. बोटीला ब्रेक नसतो. या बोटींचा तळ खोल ‘व्ही’ आकाराचा असतो, त्यामुळे त्या लाट कापतात. पण ठरावीक वेगानंतर काही बोटी डावी-उजवीकडे डोलायला लागतात. नवखा माणूस घाबरून स्टिअरिंग फिरवतो आणि डोलणं वाढतं.

वेगात ताबा सुटला तर काय होतं हे मुंबईने पाहिलंय. १८ डिसेंबर २०२४ ला इंजिनाची चाचणी सुरू असताना नौदलाची स्पीडबोट घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’वर आदळली आणि १५ जणांचा जीव गेला. इंजिनात बिघाड झाला होता, असं नौदलाने सांगितलं. तिथे तर बोट नौदलाच्या लोकांकडे होती.

म्हणून इंजिन बंद करणारी दोरी बघा. ती चालवणाऱ्याच्या अंगाला अडकवायची. तो पाण्यात फेकला गेला की दोरी सुटते आणि इंजिन बंद पडतं. अमेरिकेत २६ फुटांपेक्षा लहान बोटींवर वेगात असताना ती वापरणं १ एप्रिल २०२१ पासून बंधनकारक आहे, पण जुन्या बोटींवर हे स्विच कधी तुटलेलं, कधी काढून टाकलेलं असतं. लाइफ जॅकेटचंही तेच. २०२३ मध्ये तिथे बोटींच्या अपघातांत ५६४ माणसं गेली, आणि बुडून मेलेल्यांपैकी दर दहांतल्या आठांहून जास्त जणांच्या अंगात जॅकेट नव्हतं.

पैसे द्यायच्या आधी बोट पाण्यात उतरवून, पूर्ण वेगाने चालवून दाखवायला सांगा. विकणारा ‘आज नको’ म्हणाला तर परत फिरा. आणि तुम्ही पोहोचलात तेव्हा इंजिन आधीच गरम असेल, तर ते कशासाठी तापवून ठेवलं होतं, हे नक्की विचारा. थंड इंजिन पहिल्या झटक्यात सुरू होतं का आणि धूर कसला सोडतं, हे त्याला तुम्हाला दाखवायचं नसेल.