हिवाळ्यात पाखरांना दाणे नकोत, त्यांची झाडं सोडा

पुण्यात थंडी पडली की दोन गोष्टी न चुकता सुरू होतात. एक म्हणजे सकाळी टेकडीवर कानटोप्यांची गर्दी. दुसरी म्हणजे व्हॉट्सॲपवर फिरणारा मेसेज: "थंडीचे दिवस आहेत, मुक्या पाखरांसाठी गॅलरीत मूठभर दाणे ठेवा." सोबत फोटो असतो. फांदीवर बर्फ साचलाय आणि लाल छातीचा एक इवला पक्षी अंग फुगवून बसलाय. तो पक्षी इंग्लंडचा, बर्फही तिकडचाच. आपण मात्र हात जोडल्याची इमोजी टाकून तो पुढे ढकलतो, आणि ऑनलाइन तीनचारशे रुपयांचा प्लॅस्टिकचा फीडर मागवतो.

हेतू चांगला आहे, त्याबद्दल वादच नाही. पण चांगल्या हेतूने केलेलं सगळंच कामाचं असतं असं नाही. आणि या निमित्ताने आपण आपल्या अंगणातल्या पक्ष्यांचं खरंच काय करतोय, हे एकदा नीट बोलायला हवं.

आधी ही पद्धत आली कुठून ते बघू. ब्रिटनमध्ये डिसेंबरात दिवस जेमतेम आठ तासांचा असतो. जमीन गोठते, किडे दिसेनासे होतात. तिथल्या बागेत येणारा ब्लू टिट नावाचा पक्षी साधारण ११ ग्रॅमचा. दिवसभरात जी काय चरबी साठेल, तिच्यावर त्याला सोळा तासांची रात्र काढायची असते. अशा ठिकाणी कुणी शेंगदाणे किंवा सूर्यफुलाच्या बिया टांगल्या तर त्या पक्ष्याची रात्र निभावते. म्हणून तिथे घरोघरी फीडर असतात. १९७९ पासून तिथे दर जानेवारीत लोक एक तास खिडकीत बसून बागेतले पक्षी मोजतात. लहान मुलांसाठी सुरू झालेला तो उपक्रम आज देशभर चालतो. चांगलीच गोष्ट आहे.

पण तिथेही या खाऊ घालण्याची दुसरी बाजू दिसली आहे. ग्रीनफिंच नावाचा तिथला अगदी नेहमीचा पक्षी. २००५ च्या सुमारास त्याच्यात घशाचा एक रोग शिरला. एकाच फीडरवर, एकाच पाण्याच्या भांड्यावर आजारी आणि निरोगी पक्षी गर्दी करत होते, तिथून तो पसरला. संख्या इतकी कोसळली की २०२१ साली हा पक्षी तिथल्या धोक्यातल्या पक्ष्यांच्या लाल यादीत गेला. म्हणजे जिथे दाण्यांची खरी गरज आहे, तिथेही फीडर टांगला आणि विसरलो, असं चालत नाही.

आता आपल्याकडे या. आपला हिवाळा म्हणजे काय? ज्वारी भरायला लागते, हुरडा सुरू होतो. पावसाळ्यात वाढलेलं गवत वाळून बी धरतं. बोरं पिकतात. उंबराला फळं असतात. मोकळ्या जागांवर अजून किडे आहेत, फुलपाखरं आहेत. जानेवारी संपता संपता काटेसावर फुलते, मग पांगारा, मग पळस. या झाडांवर मधासाठी जी झुंबड उडते ती एकदा बघा. भोरड्या येतात, कोतवाल येतात, साळुंक्या येतात, सूर्यपक्षी येतात. पाखरांच्या दृष्टीने आपल्याकडे हिवाळा हा सुगीचा काळ आहे.

साधी गोष्ट आहे. सायबेरिया, मध्य आशिया, हिमालय इथून हजारो किलोमीटर उडून पक्षी हिवाळ्यात आपल्याकडे येतात. ते उपाशी मरायला येतात का? इथे खायला आहे म्हणूनच येतात. पाहुणा आपल्याकडे जेवायला आलाय, आणि आपण त्याच्या ताटातला भात काढून घेऊन त्याच्यासमोर चणे टाकतोय, असं आपलं चाललंय.

कसं ते सांगतो. या दिवसांत सोसायटीच्या बागेत जरा शांत उभं राहा. कंपाउंडच्या भिंतीवर शेपूट सतत थरथरवणारा एक पक्षी दिसेल, काळपट, पोटाला तांबूस. तो थिरथिरा. पार्किंगमध्ये नाहीतर गच्चीवर शेपूट वरखाली करत चालणारा, पोटाला पिवळा, तो करडा धोबी. आंब्याच्या किंवा चिंचेच्या पानांत एकसारखी "चिस्वी, चिस्वी" अशी हाक येते पण दिसत काहीच नाही, तो हिरवट पर्णवटवट्या. नशीब चांगलं असेल तर लांब शेपटीचा स्वर्गीय नर्तकही दिसतो. हे सगळे आपले हिवाळी पाहुणे. आणि यातला एकही जण बाजरी खात नाही, तांदूळ खात नाही. ते खातात किडे, अळ्या, माश्या, कोळी.

नेहमीच्या रहिवाशांचंही फार वेगळं नाही. दयाळ, शिंपी, नाचण, वेडा राघू हे किडे खाणारे. तांबट आणि बुलबुल फळांवर जगणारे. सूर्यपक्षी मध पितो, पण पिल्लांना किडेच भरवतो. अहो, दाणे खाणारी चिमणीसुद्धा आपल्या पिल्लांना आधी अळ्याच भरवते.

मग गॅलरीतले दाणे कोण खातं? उत्तर तुम्हाला माहिती आहे, कारण त्याच्यासाठीच तुम्ही गॅलरीला जाळी लावून घेतली आहे. एका मजल्यावर दाणे, वरच्या मजल्यावर जाळी आणि त्याच्या वरच्या मजल्यावर कबुतरांच्या विष्ठेमुळे खोकणारे आजोबा, असं चित्र आज कितीतरी इमारतींत आहे. २०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून मुंबईत काय झालं ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. ताडपत्री, मोर्चा, कोर्ट. त्या वादात मी इथे शिरत नाही. पण वर्षभर, एकाच ठिकाणी, फुकट धान्य मिळालं की कोणता पक्षी वाढतो आणि त्याचं पुढे काय होतं, हे त्यातून दिसलं.

'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा २०२३ चा अहवाल देशभरातल्या सुमारे तीस हजार पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवर उभा आहे. ज्या ३३८ जातींचा दीर्घ काळचा कल काढता आला, त्यातल्या ६० टक्के जाती घटल्या आहेत. जे मोजके वाढले त्यात कबूतर आहे. दाण्यांची पिशवी उघडताना एवढं लक्षात ठेवा.

तीच गत भिगवणची. उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात कुरव येतात. त्यातला तपकिरी डोक्याचा कुरव तिबेट-लडाखकडच्या उंच तळ्यांवर वीण करणारा. मासे पकडून खाणारा पक्षी. आपण बोटीत बसून त्याला शेव-फरसाण भिरकावतो, कारण तो जवळ आला की फोटो झकास येतो. ठाण्याच्या खाडीवर, एलिफंटाच्या बोटीवरही हेच. तळलेलं खारट फरसाण हे काही माशाला पर्याय नाही. नावाडी बिचारा पर्यटक मागतात म्हणून पुडे ठेवतो. आपण मागणं बंद केलं तर तोही बंद करेल.

आता काही जण म्हणतील, अहो, पाखरांना घास देणं ही आपली संस्कृती आहे. आहेच. कोकणात नवं भात आलं की दारावर लोंब्यांचं तोरण बांधतात, चिमण्या येऊन टिपतात. गोफण फिरवणारा शेतकरीही चार दाणे पाखरांचे म्हणून सोडून देतो. पण त्या घराच्या मागे परसू होता, परसात शेवगा, बोर, उंबर होतं, बांधावर बाभूळ आणि गवत होतं. लोंबी हे वरचं तोंडीलावणं होतं, जेवण बाहेर वाढलेलं होतं. आपण जेवण उचललं आणि लोंबी तेवढी ठेवली.

एखाद्या आजींच्या खिडकीत रोज चारदोन चिमण्या येतात, त्या त्यांना मूठभर कणी टाकतात, दिवसातला तेवढाच विरंगुळा. त्यांना कुणी जाऊन थांबवू नका. मूठभर टाकावं, चिमण्या टिपून जातील इतकंच, आणि जागा रोज धुवावी. माझं भांडण त्या आजींशी नाही. माझं भांडण सोसायटीच्या कमिटीशी आणि महापालिकेच्या सुशोभीकरणाशी आहे.

कारण खरी उपासमार तिथे होते आहे. माझ्या ओळखीच्या एका सोसायटीत उंबराचं मोठं झाड होतं. फळं पडतात, गाड्या खराब होतात, वटवाघळं येतात, अशा तक्रारी. छाटणीच्या नावाखाली ते इतकं तोडलं की नुसता खांब उरला. पुढच्याच महिन्यात त्याच सोसायटीत 'पक्षी वाचवा' म्हणून दहा फीडर टांगले गेले. एका उंबरावर जेवढे तांबट, बुलबुल, हळदे जेवायचे, तेवढे त्या दहा फीडरांवर कधीच येणार नाहीत. फीडरवर आली ती कबुतरंच.

आपल्या आसपास हे रोज होतंय. नवीन बागांत शोभेचा पाम, लॉन आणि भराभर वाढतो म्हणून कोनोकार्पस लावतात. गुजरात सरकारने २०२३ साली हेच कोनोकार्पस लावायला बंदी केली, आपण अजून रोपं आणतोय. झाडांच्या बुंध्यांभोवती फरशी आणि सिमेंट. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीत सांगितलं होतं की बुंध्याभोवती किमान एक मीटर जागा मोकळी सोडा. झाड काय दिल्लीतलंच श्वास घेतं का? पानगळ झाली की पाला पेटवतात, धूर आपणच खातो आणि दयाळाचं जेवण जळून जातं. पाला म्हणजे कचरा नाही, त्याच्याखाली किडे असतात. कुंपणालगतचं वाळलेलं गवत 'घाण' म्हणून काढतात, तिथे मुनिया यायच्या. वाळकी फांदी 'धोकादायक' म्हणून सरसकट कापतात, तिथे तांबट ढोली कोरतो. डोक्यावर पडेल अशी फांदी काढलीच पाहिजे. पण कोपऱ्यातली, कुणाच्या वाटेत न येणारी कशाला?

आणि संक्रांत विसरू नका. दाणे टाकणाऱ्याच हातात नायलॉन मांजा असेल तर त्या भूतदयेला काय म्हणायचं? २०१७ पासून हरित लवादाची देशभर बंदी आहे, तरी जानेवारीत दुकानात मागच्या दाराने मिळतो. संक्रांत झाली तरी तो झाडांवर लटकत राहतो आणि पुढे कित्येक महिने घार, घुबड, बगळे त्यात अडकतात. सण झाल्यावर सोसायटीतल्या पोरांना घेऊन हाताला लागेल तेवढा मांजा गोळा करा. तासाभराचं काम आहे.

मग या हिवाळ्यात करायचं काय?

पहिलं, बघायचं. पैसे लागत नाहीत. आपल्या बागेतले दहा पक्षी नावानिशी ओळखा. महाराष्ट्रात मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांना धरून ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो, पण तो संपला म्हणून काही बिघडत नाही. फेब्रुवारीच्या मध्याला चार दिवस 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' असतो. भारतातले लोक २०१३ पासून त्यात नोंदी करतात. पंधरा मिनिटं गच्चीवर उभं राहायचं, दिसले ते पक्षी मोजायचे, ॲपवर टाकायचे. वर सांगितलेला अहवाल अशाच नोंदींतून तयार झाला आहे. उद्या कमिटीला "या झाडावर चौदा जातींचे पक्षी येतात" असं यादीसकट सांगता येतं, तेव्हा बोलण्याला वजन येतं.

दुसरं, सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये चार मुद्दे मांडा. बुंध्याभोवतीची फरशी काढणे. पाला न जाळता एका कोपऱ्यात कुजवणे. एक तरी देशी झाड लावणे, जागा असेल तर उंबर, नसेल तर बोर, कढीपत्ता किंवा पारिजातक चालेल. आणि बागेचा एक पट्टा फवारणी न करता, न कापता तसाच सोडणे.

तिसरं, छाटणीच्या नावाखाली झाड तोडलं जात असेल तर परवानगी मागा. आपल्याकडे शहरी भागासाठी १९७५ पासून झाडांचा कायदा आहे. खासगी जागेतलं झाड तोडायलाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. झाडावर नोटीस लागली की लेखी हरकत घेता येते. बहुतेकदा नोटीस कुणी वाचतच नाही.

चौथं, दाण्यांचा उत्साह उन्हाळ्यासाठी राखून ठेवा, आणि तोही पाण्यासाठी. मार्च ते जून पसरट मातीचं भांडं सावलीत ठेवा, पाणी रोज बदला, भांडं रोज घासा. टंचाई आपल्याकडे तेव्हा असते.

तो बर्फातला फोटो पुन्हा आला की पाठवणाऱ्याला रागवू नका. एवढंच विचारा: "काका, आपल्या सोसायटीत उंबर आहे का हो?" नसेल तर लावायचं कुठे, हे दोघं मिळून ठरवा.