शेतवाटेची गाडी आणि तिच्या धन्याचें म्हणणें

आपल्या मासिकांत बी-बियाणें, खतें, औषधें आणि बाजारभाव यांविषयीं दरमहा पुष्कळ मजकूर येतो, आणि तो यावयासच पाहिजे. परंतु शेतांत पिकलेला माल ज्या वाहनानें शेताबाहेर पडतो, त्या वाहनाच्या गुणदोषांविषयीं कोणीं चार ओळी लिहिल्याचें माझ्या पाहण्यांत नाहीं. बैलगाडी होती तेव्हां त्याची गरजही नव्हती. गाडी करणारा सुतार गांवांतच राही. आंख वांकला तर धनी त्याच्या दारांत जाऊन उभा राही, आणि पुढची गाडी करतांना सुतार तो दोष आपण होऊन टाळी. आतां गाडी करणारा दूर कोठें तरी आहे आणि धन्याची व त्याची उभ्या आयुष्यांत गांठ पडत नाहीं. सबब धन्याचें म्हणणें कर्त्यापर्यंत कोणत्या वाटेनें पोंचावें, हा प्रश्न मी वाचकांपुढें मांडीत आहें.

महसूल खात्यांत तीस वर्षांवर कारकुनी करून मी गेल्या वर्षीं निवृत्त झालों. निफाड तालुक्यांत माझी चार एकर काळी जमीन आहे. निवृत्तीच्या पैशांतून मीं चारही चाकांस जोर पोंचविणारी, बाजारांत जिला ‘फोर बाय फोर’ म्हणतात अशी, मागें मालाचा हौदा असलेली डिझेल गाडी घेतली. तिच्या कंपनीचें नांव येथें घालीत नाहीं. कारण जे दोष मी सांगणार आहें ते एकाच कंपनीचे नव्हेत, असें इतर धन्यांशीं बोलतां मला दिसून आलें. गाडी घेतांना विक्रेत्यानें ती डोंगर कशी चढते याचें चलचित्र दाखविलें. आमच्या शेतापासून डांबरी सडकेपर्यंत दोन किलोमीटर पाणंद आहे. तींत डोंगर एकही नाहीं, चिखल मात्र चार महिने असतो.

भाद्रपदांत एके दिवशीं टोमॅटोचीं साठ कॅरेट भरून मी पिंपळगांव बसवंतच्या बाजारास निघालों. अर्ध्या पाणंदींत मागचें एक चाक फाटून बसलें. जादा चाक या गाडीस हौद्याच्या तळाखालीं, सांखळीनें टांगलेलें असतें. कोरड्या सडकेवर तें सहज खालीं उतरतें. पण गाडी आंसापर्यंत रुतलेली असतां तें चाक चिखलांतच गाडलेलें होतें, आणि त्यास खालीं उतरावयास जागाच नव्हती. साठही कॅरेट उतरवून बांधावर रचावीं लागलीं. मी, माझा पुतण्या व शेजारचे दोघे असे चौघे जण फावड्यानें गाडीखालचा चिखल उपसत बसलों. चार तास गेले. बाजारांत पोंचलों तों लिलाव संपला होता. दुसऱ्या दिवशीं कॅरेटमागें ८० रुपये कमी आले, म्हणजे एका फाटलेल्या चाकाचे ४,८०० रुपये झाले. शिवाय मार बसून खराब झालेला माल वेगळाच.

या जादा चाकाचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. विलीस जीप १९४१ पासून अमेरिकन फौजेसाठीं मोठ्या संख्येनें बनूं लागली. तिचें जादा चाक पाठीमागें टांगलेलें असे, आणि तेल भरावयाचें तर चालकानें उठून आपल्या आसनाची गादी उचलावी लागे. फौजेंत तें चालून गेलें. १९४५ सालीं त्याच कारखान्यानें सीजे-२ए या नांवाची जीप नागरिकांसाठीं व मुख्यतः शेतकऱ्यांसाठीं काढली, तेव्हां तिच्या पाठीमागें उघडणारी फळी बसविली, आणि ती फळी उघडावी म्हणून जादा चाक बाजूस नेलें. तेल भरण्याचें तोंड बाहेर काढलें. इंजिनाचा जोर बाहेर घेऊन शेतीचीं यंत्रें फिरविण्याची सोय ठेवली. शेतकरी माल मागून भरतो व मागून उतरवितो, ही साधी गोष्ट त्या कारखान्यास ऐंशी वर्षांपूर्वीं उमगली होती.

लँड रोव्हरची कथा याच्याही पुढची आहे. तिचा कर्ता मॉरिस विल्क्स हा रोव्हर कंपनीचा मुख्य यंत्रज्ञ. वेल्समधील अँगलसी बेटावर त्याची स्वतःची शेती होती आणि युद्धांतून उरलेली एक जीप तो तेथें वापरीत असे. तिच्या उणिवा त्यास स्वतःच्या शेतांत दिसल्या, आणि त्यांतून जी गाडी निघाली ती ३० एप्रिल १९४८ रोजीं ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनांत जगापुढें आली. पोलादाची टंचाई होती म्हणून अंग अल्युमिनियमच्या मिश्र धातूचें केलें, आणि तें गंजेना हा लाभ आपोआप झाला. पहिल्या नमुन्यांत चालकाचें चक्र ट्रॅक्टरप्रमाणें मधोमध बसविलें होतें. तें गैरसोयीचें दिसतांच सोडून दिलें. येथें कर्ता व धनी एकच मनुष्य होता, म्हणून निरोप पोंचण्यास वेळ लागला नाहीं. परंतु पुढें हीच गाडी ऑस्ट्रेलियांतील स्नोई पर्वतांतल्या धरणांच्या कामावर गेली, तेव्हां मागच्या आंसाच्या दांड्या मोडतात अशी तिची ख्याती झाली. त्याच कामावर थीस नांवाच्या कंत्राटदारांनीं १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस जपानी लँड क्रूझर आणल्या, आणि तेथील माळरानांवरचें बरेंच गिऱ्हाईक हळूहळू जपानकडे गेलें.

आपल्याकडे महिंद्र कंपनीनें १९४७ पासून विलीस जीपा आणल्या व त्या मुंबईस जोडल्या जाऊं लागल्या. मी नोकरीस लागलों तेव्हां आमच्या कचेरींत त्याच वंशाची एक जुनी पेट्रोल जीप होती. पुराच्या पंचनाम्यास जातांना ओढा आडवा आला कीं, आमचा चालक खालीं उतरून पंख्याचा पट्टा काढी, म्हणजे पंखा इंजिनावर पाणी उडवीत नसे. पलीकडे गेल्यावर तो पुन्हां चढवी. त्या गाडींत पाठीचे हाल होत, पावसांत फायली भिजत, आणि तिची मी येथें वाखाणणी करणार नाहीं. पण तिचा दोष चालकास डोळ्यांनीं दिसे व पान्ह्यानें दुरुस्त होई, एवढें खरें.

आतांच्या गाडीचा जो दोष मला सर्वांत जाचक वाटतो तो डोळ्यांस दिसतच नाहीं. १ एप्रिल २०२० पासून धुराचे नवे कडक नियम लागू झाले. त्यांस अनुसरून डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळींत काजळी अडविणारी एक गाळणी बसविलेली असते. अडलेली काजळी जाळून टाकावयाची तर धूर चांगला तापावा लागतो, आणि त्यासाठीं गाडी सडकेवरून पंधरा-वीस मिनिटें तरी एकसारख्या वेगानें पळवावी लागते. आमची गाडी घरून शेतांत व शेतांतून घरीं, दुसऱ्या गिअरांत, दोन किलोमीटर चालते आणि थांबते. गाळणी तापत नाहीं, काजळी साचते, दिवा लागतो. आणि दिव्याकडे दुर्लक्ष केलें तर इंजिन आपला जोर आपणच कमी करतें. मग गांवच्या मिस्त्रीचा कांहीं इलाज चालत नाहीं. संगणक लावण्यासाठीं ३८ किलोमीटरांवरचें सर्व्हिस सेंटर गांठावें लागतें. तेथील इसमानें मला सल्ला दिला कीं, आठवड्यांतून एकदां गाडी महामार्गावर फिरवून आणीत जा. म्हणजे शेतकामाच्या गाडीस आठवड्यांतून एक दिवस हवा खाण्यास न्यावें, आणि त्या सहलीचें डिझेल धन्यानें भरावें!

गैरसमज नको म्हणून सांगतों कीं, माझी हरकत गाळणीस नाहीं. धूर कमी झाला हें चांगलेंच झालें; तो आमच्याच लेकरांच्या नाकांत जात होता. हरकत आहे ती ज्या चालीनें शेतकरी गाडी चालवितो ती चाल कर्त्यानें हिशेबांत धरली नाहीं, यास. गाडी जागच्या जागीं उभी ठेवून ही काजळी जाळण्याची सोय कित्येक मालमोटारींस व मोठ्या ट्रॅक्टरांस केलेली असते. मग शेतवाटेची म्हणून विकल्या जाणाऱ्या गाडीस ती चालकाच्या हाताखालीं कां असूं नये?

टायरांविषयींही एक शब्द. अलीकडे रुंद टायर शोभेचे समजले जातात. वाळूंत ते तरतात, त्यामुळें समुद्रकांठच्या किंवा मारवाडच्या धन्यास ते गोड लागत असतील. आमची काळी माती ओली झाली कीं फुगते व टायरच्या खांचा लिंपून टाकते. चार फेऱ्यांत टायर गुळगुळीत होतो, आणि मग चारही चाकांस जोर पोंचला तरी चारही चाकें जागच्या जागीं फिरतात. येथें खोल व मोकळ्या खांचा हव्या, आणि चाक व वरचें पत्र्याचें छत्र यांमध्यें चिखल निसटून जाण्याइतकी जागा हवी. माझ्या गाडींत ती जागा इतकी थोडी आहे कीं, चिखल छत्रांत ठासून बसतो, व वाळल्यावर तो पहारीनें फोडावा लागतो.

आतां धन्यांच्या चुकांकडेही पाहिलें पाहिजे, नाहीं तर लेख एकतर्फी होईल. आमच्या शेजारच्या गांवीं एका गृहस्थांनीं नवी गाडी घेतली आणि चारही चाकांचा जोर लावून ती थेट नाशिकपर्यंत डांबरी सडकेनें नेली. ‘पैसे चारही चाकांचे मोजले आहेत, तर दोन चाकांवर कां चालवूं?’ असें त्यांचें म्हणणें. ज्या गाडींत हा जोर दांड्यानें लावावयाचा असतो, तींत पुढचा व मागचा आंस एकमेकांस जखडले जातात. वळणावर दोहोंस निरनिराळें अंतर तोडावें लागतें. चिखलांत चाक घसरून तो ताण मोकळा करतें. डांबरावर चाक घसरत नाहीं व ताण दंतचक्रांवर बसतो. हें पुस्तिकेंत स्वच्छ लिहिलें आहे, पण पुस्तिका इंग्रजींत! मी मराठी शाळेंत शिकलेला. निवृत्तीमुळें वेळ होता, म्हणून शब्दकोश उघडून आठ दिवसांत ती वाचून काढली. नांगरटीच्या दिवसांत एवढी सवड कोणास असणार? तेव्हां ही चूक निम्मी धन्याची आणि निम्मी कंपनीची, असाच निवाडा मी देईन. हौद्यांत ठरल्याच्या दीडपट ओझें भरून मग पाटे मोडले म्हणून ओरडणें, ही चूक मात्र सोळा आणे आपली.

कंपन्या धन्यांचें म्हणणें ऐकतच नाहींत असें नाहीं. पण तें ऐकण्याची रीत कशी आहे पाहा. गाडी दुरुस्त करून परत देतांना सर्व्हिस सेंटरचा पोरगा हळूच म्हणाला, ‘काका, कंपनीचा फोन येईल. दहापैकीं दहाच सांगा. नऊ सांगितले तरी आमचे पैसे कापतात.’ पोरगा गरिबाचा. मीं दहा सांगितले, आणि त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. कारण उभ्या नोकरींत खोटा शेरा मीं कधीं मारला नव्हता. असे दहाचे आंकडे वर जातात, बेरजा होतात, आणि गाडी उत्तम आहे असें ठरतें. शहरांतील धनी हौशी असतो. तो आसनाच्या कापडाविषयीं, गाण्याच्या यंत्राविषयीं, पुढच्या पडद्याविषयीं सविस्तर लिहून कळवितो, आणि पुढच्या वर्षीं पडदा दोन इंचांनीं मोठा होतो. शेतकरी पारावर बसून बोलतो. पारावरच्या बोलण्याचा जावक क्रमांक पडत नाहीं. शेताच्या वाटेवरून भांडणारे पक्षकार मीं जन्मभर पाहिले. ज्यानें कलम १४३ खालीं रीतसर अर्ज दिला, त्याच्या बांधावर तहसीलदार जाऊन उभे राहिले. ज्यानें नुसत्या शिव्या दिल्या, त्याची वाट अडलेलीच राहिली.

येथें कायद्याची एक गोष्ट सांगणें जरूर आहे, कारण ती फार थोड्यांस ठाऊक आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं दुरुस्ती होऊन ११०-अ हें कलम घातलें गेलें. चालकास, आंत बसणारांस, रस्त्यावरील इतरांस किंवा पर्यावरणास अपाय करील असा दोष एखाद्या जातीच्या गाडींत आहे, असें ठरलेल्या प्रमाणांत धन्यांनीं केंद्र सरकारास कळविलें, तर त्या गाड्या परत बोलावण्याचा हुकूम सरकारास कंपनीस देतां येतो. माझें चिखलांत गाडलेलें चाक या कलमांत बसणार नाहीं, हें मी जाणतों. ती गैरसोय आहे, अपाय नव्हे. परंतु चिखल बसून ब्रेक न लागणें, उतारावर जोराचा दांडा आपोआप सुटणें, असले प्रकार मीं दोन-तीन धन्यांच्या तोंडून ऐकले आहेत, आणि त्यांतील एकानेंही ते कोठें लिहून दिलेले नाहींत. एकट्यादुकट्याच्या अर्जानें हें प्रमाण भरत नाहीं.

म्हणून माझी सूचना अशी कीं, आपल्या संघाच्या कचेरींत गाड्यांच्या दोषांची एक नोंदवही ठेवावी. गाडीची जात व सन, किती किलोमीटर चालली, दोष कोणत्या तारखेस व कोणत्या जमिनींत दिसला, त्या वेळीं ओझें किती होतें, सर्व्हिस सेंटरनें काय उत्तर दिलें व किती पैसे घेतले, एवढें त्यांत असावें; पावतीची नक्कल जोडावी. ओझ्याचा रकाना कोणीं कोरा सोडूं नये, आणि खोटाही भरूं नये, कारण कंपनीचा माणूस पहिलें बोट तेथेंच ठेवील. ‘गाडी भंगार आहे’ अशी नोंद चिटणिसांनीं घेऊंच नये. ‘अमुक तारखेस अमुक किलोमीटरांवर मागील डाव्या चाकाचें बेअरिंग गेलें’ अशी घ्यावी. जें चांगलें आढळेल तेंही लिहावें. माझ्याच गाडीचें इंजिन भर उन्हांत एकदांही तापलें नाहीं, आणि हौद्याचा पत्रा दोन पावसाळ्यांत गंजला नाहीं, हें मी आनंदानें लिहून देईन. वर्षाअखेर या वहीचा गोषवारा संघाच्या शिक्क्यानिशीं त्या त्या कंपनीस रजिस्टर टपालानें पाठवावा, आणि अपायाच्या नोंदी असतील त्या ११०-अ प्रमाणें वर कळवाव्या. कांहीं सभासदांस वाटतें कीं, यामुळें विक्रेते रुसतील व सुटे भाग देण्यास टाळाटाळ करतील. तें भय अगदींच निराधार नाहीं; म्हणून वहींतील नांवें चिटणिसांपाशींच राहावीं व गोषवाऱ्यांत फक्त गाडीचा तपशील जावा.

वहीच्या रकान्यांचा कच्चा मसुदा मीं स्वहस्तें आंखून चिटणिसांकडे दिला आहे. त्यासोबत माझ्या गाडीच्या दोन नोंदी, जादा चाक जमिनीपासून किती उंचीवर टांगलेलें आहे याचें माप, आणि सर्व्हिस सेंटरच्या तीन पावत्यांच्या नकला जोडल्या आहेत. दहाच्या आंकड्याची हकीकतही शेरा म्हणून खालीं लिहिली आहे. त्या पोराचें नांव मात्र घातलेलें नाहीं.