रंगाआधी खांब टोचून बघा

मंडळी, मे महिना आला की पडवीच्या लाकडी खांबांना ऑइलपेंट मारायची घाई सुरू होते. माझं म्हणणं एवढंच, आधी खांब तपासा, मग ब्रश उचला. ओल्या लाकडावर रंग मारला की ओल आतच कोंडते नि कुजणं वाढतं.

खांब बहुधा बुडाशी कुजायला लागतो. जमिनीपासून वीतभर स्क्रूड्रायव्हरने टोचा. टोक सहज आत गेलं तर लाकूड मऊ पडलंय. ठोकल्यावर बद्द वाजलं तर आत पोकळ. मातीच्या बारीक नळ्या म्हणजे वाळवी. ती जमिनीतून येते, तिचा बंदोबस्त मातीतच करावा लागतो. टाचणीएवढी भोकं नि पिठासारखा भुसा म्हणजे भुंगेरा. तो लाकडातच वाढतो.

"सागाला काय होतंय" म्हणू नका. टिकतो तो सागाचा गाभा, वरचं पांढरट लाकूड वाळवी सोडत नाही.

याच खांबाला म्हातारी माणसं टेकून बसतात. गोचीड शोधायला आपण जनावर रोज चाचपतो. मग पावसाआधी एकदा खांब चाचपायला काय हरकत?