हिरव्या कुरणातली उपासमार

पेणहून नागोठण्यावरून रोह्याकडे निघालेल्या प्रवाशाला श्रावण-भाद्रपदात रस्त्याच्या दोन्ही अंगांना डोळे निवतील एवढा हिरवा रंग दिसतो. खाली भाताची खाचरे, वर वरकस उतारांवर कमरेला लागणारे गवत. जनावरांच्या पोटापाण्याची अशी चंगळ दुष्काळी भागातल्या शेतकऱ्याला स्वप्नातही दिसायची नाही. पण याच गवतात चरणारी गुरे जरा थांबून पाहावीत. केस राठ आणि निस्तेज, बरगड्या मोजता येतील अशा, काळ्या गायीचा रंग उडून तांबूस पडलेला. घाटावरचा माणूस यावर चटकन निकाल देतो की कोकणातली जनावरे मुळातच खुजी.

यातला निम्मा निकाल बरोबर आहे. कोकणातली गाय लहान चणीचीच असते. 'कोकण कपिला' या नावाने २०१८ साली तिची स्वतंत्र जात म्हणून नोंदही झाली. चढउतारावर काटक, ओल्या हवेत टिकणारी, थोडक्यात भागवणारी अशी ही गाय आहे. पण लहान चण निराळी आणि खंगलेपण निराळे. कालवड वेळेवर माजावर न येणे, आलेली पुन्हा पुन्हा उलटणे, व्यायल्यावर वार अडकणे, दोन वेतांत दोन-दोन वर्षांचे अंतर पडणे, आणि उन्हाळ्यात गुरांनी हाडे, चिंध्या, गोणपाट चघळत बसणे ही काही जातीची लक्षणे नव्हेत. जंत, गोचीड, यकृतातले चपटे कृमी आणि चैत्र-वैशाखातली निखळ उपासमार यांचा त्यात वाटा आहेच. तरीही जे उरते त्याचे उत्तर बऱ्याच अंशी मातीत शोधावे लागते.

या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तोही चार महिन्यांत. हजारो वर्षे असे धुऊन निघालेल्या डोंगरउताराच्या तांबड्या जमिनीत मागे उरते ते मुख्यतः लोह आणि ॲल्युमिनियम. चुना वाहून गेलेला, माती आंबट झालेली, स्फुरद लोहाशी बांधले गेल्यामुळे असून नसल्यासारखे. शिवाय पावसात गवत झपाट्याने वाढते, त्यामुळे जी काही खनिजे मुळांना मिळतात तीही पातळ होऊन पसरतात. दसऱ्यापर्यंत गवत फुलून निबर होते आणि मग त्यातले प्रथिन व स्फुरद दोन्ही घसरतात. पुढचे सहा-सात महिने भिस्त भाताच्या पेंढ्यावर. पेंढ्याने पोट भरते खरे, पण त्यात सिलिका भरपूर, तांबे, जस्त आणि स्फुरद कमी, आणि असलेले कॅल्शियमही ऑक्झलेटने अडवून धरलेले.

यात माणसाच्या हातचा भागही आहे. जनावर वरकसावर चरते आणि त्याचे शेण जाते खाचराला, राबाला. म्हणजे डोंगर पिढ्यान् पिढ्या देतोच आहे. एके काळी ठाणे-कुलाब्याकडचे गवत मुंबईच्या तबेल्यांना जाई. त्या गवताबरोबर इथली खनिजेही मुंबईला गेली, आणि परत काहीच आले नाही.

पेणचा खारेपाट म्हणजे याची दुसरी बाजू. तिथे मिठागरे, खारी चिकणमाती आणि पिण्याच्या पाण्याची जुनी वणवण. मिठाच्या गावात जनावराला क्षारांची काय उणीव, असे कुणालाही वाटेल. पण मिठाने सोडियम मिळते. तांबे, जस्त, कोबाल्ट मिळत नाही. समुद्राच्या मिठात आयोडीनही नावापुरतेच असते, नाहीतर आपल्या स्वयंपाकघरातल्या मिठात ते वेगळे घालण्याची वेळच आली नसती. गोठ्यात मिठाचा खडा ठेवण्याची जुनी रीत चांगली आहे, मात्र ती पुरेशी नाही.

लागतात तरी किती ही खनिजे? रोज सहा किलो कोरडा चारा खाणाऱ्या गायीला तांबे साधारण साठ मिलिग्रॅम लागते, जस्त १८० मिलिग्रॅमच्या आसपास, आणि कोबाल्ट तर एक मिलिग्रॅमही नाही. चिमटीत मावणार नाही इतके थोडे. पण ते नसेल तर काय होते, याची एक गोष्ट सांगण्याजोगी आहे.

न्यूझीलंडमध्ये ज्वालामुखीच्या राखेच्या जमिनीवर आणि ऑस्ट्रेलियाच्या काही किनारपट्ट्यांवर उत्तम गवतात चरणारी गुरे-मेंढरे झिजून मरत. दुसऱ्या जमिनीवर नेली की सुधारत, परत आणली की पुन्हा झिजत. रक्त पांढरे पडलेले, म्हणून तज्ज्ञांनी निदान केले की लोह कमी आहे. लोहाची विशिष्ट माती खाऊ घातली आणि काही जनावरे खरोखर बरी झाली! मात्र मात्रा भलतीच मोठी लागे. १९३५ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात अंडरवुड आणि फिल्मर यांनी दाखवून दिले की गुण लोहाचा नव्हताच, त्या मातीत अशुद्धी म्हणून आलेल्या कोबाल्टचा होता. पुढे १९४८ मध्ये ब-१२ जीवनसत्त्व वेगळे काढले गेले, त्यात कोबाल्ट सापडला आणि कोडे सुटले. गायीच्या कोटीपोटातले सूक्ष्मजीव कोबाल्टपासून हे जीवनसत्त्व बनवतात. कोबाल्ट नाही तर ब-१२ नाही, आणि ते नाही तर समोर कुरण असून जनावराची भूकच मरते.

आपल्या तांबड्या मातीत तर लोह उदंड आहे, आणि तीच अडचण आहे. आखूड गवत ओरबाडताना जनावर मातीही खाते. पोटात गेलेले जास्तीचे लोह तांब्याचे शोषण रोखते. पाणी तुंबलेल्या खाचरातल्या पेंढ्यात मॉलिब्डेनम वाढले, तर तेही तांब्याला बांधून टाकते. मग चाऱ्यात तांबे असूनही रक्तात पोहोचत नाही. काळा रंग तांबूस पडणे, डोळ्यांभोवती चष्म्यासारखी कडी दिसणे ही त्याची खूण. स्फुरदाची कमतरता हाडे चघळण्यातून दिसते. नुकत्याच व्यालेल्या म्हशीला लाल लघवी होते, त्यामागेही पुष्कळदा हीच कमतरता असते. आणि ज्या जनावराला काहीबाही चघळण्याची खोड लागली, ते महामार्गाकडेच्या प्लास्टिकच्या पिशव्या का सोडील?

ऑस्ट्रेलियाने किंवा अमेरिकेने या प्रश्नाचा एवढा पिच्छा पुरवला, कारण तिथे मांसासाठी पोसलेले जनावर काट्यावर विकले जाते. वीस किलो वजन घटले की मालकाच्या वहीत तेवढे पैसे कमी दिसतात. पेण-रोह्यातली गाय कुणी तोलत नाही. दूध दीड-दोन लिटर, म्हणून डेअरीच्या वहीतही तिची नोंद नाही. बैलाचे काम पॉवर टिलरने घेतले. २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीलाही बंदी आहे, त्यामुळे म्हातारा बैल विकूनही पैसे येत नाहीत. देशात २०१२ ते २०१९ या काळात नर गोवंश सुमारे ३० टक्क्यांनी घटला तो उगीच नव्हे. ज्याचा तोटा कुठेच लिहिला जात नाही, त्या आजारावर खर्च कोण करणार?

सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य सरकारने देशी गायीला 'राज्यमाता-गोमाता' हा दर्जा दिला आणि गोशाळांतल्या देशी गायींसाठी दिवसाला ५० रुपयांचे अनुदान ठरवले. त्या निर्णयावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ शाई खर्ची पडली. त्यात शिरण्याची इथे गरज नाही. पण हा पैसा गोशाळेतल्या गायीला मिळतो. कातकरी वाडीशेजारी किंवा धनगरवाड्यावर चरणाऱ्या गायीला त्यातले काही मिळत नाही. तिला लागणारे खनिज मिश्रण दिवसाला तीस ग्रॅम, खर्च चार-पाच रुपये.

आणखी एक विसंगती आहे. २०१५ पासून शेतकऱ्यांना मृद आरोग्य पत्रिका मिळते. तीत जस्त, तांबे, लोह, मँगनीज यांचे आकडे असतात. पण ते वाचले जातात भाताच्या खतासाठी. पशुवैद्यकीय दवाखान्यात ती पत्रिका कुणी नेत नाही, कुणी मागतही नाही. नमुने घेतले जातात खाचरांतून, तर गुरे चरतात वरकसावर, गायरानावर, जंगलात. आणि गायीला लागणारे कोबाल्ट व आयोडीन त्या तपासणीत नाहीतच. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने आणि बंगळुरूच्या पशुपोषण संस्थेने देशात अनेक ठिकाणी माती, चारा आणि जनावरांचे रक्त तपासून त्या त्या भागापुरती खनिज मिश्रणे सुचवली आहेत. तोच मार्ग इथे हवा. दापोलीचे कृषी विद्यापीठ आणि परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय ही दोन्ही इथून दूर नाहीत. खारेपाट आणि डोंगरपट्टा यांना एकच डबा लागू पडणार नाही, एवढे मात्र ध्यानात ठेवावे. शिवाय गायीचे मिश्रण मेंढीला देऊ नये. तिला जादा तांबे विषासारखे बाधते.

तोपर्यंत गाभण आणि व्यालेल्या गायीला आंबोणातून खनिज मिश्रण, आणि पेंढ्याबरोबर थोडा तरी हिरवा पाला, इतके घरच्या घरी जमण्यासारखे आहे. नाचणीचे काड जाळण्याऐवजी गोठ्यात आणले, तर पेंढ्यापेक्षा कॅल्शियम अधिक मिळेल.

खरी अडचण आहे ती आंबोण न मिळणाऱ्या गुरांची. भात कापून झाले की पुष्कळ जनावरे मोकाट सुटतात, भाकड गाय तर गोठ्यात येतेही उशिराने. त्यांच्यासाठी पाणवठ्यावर चाटण-विटा टांगणे हा एक उपाय आहे. विटेची किंमत फार नाही, पण सामायिक पाणवठ्यावरची वीट कुणी विकत घ्यायची, हे कुठल्याच खात्याने अजून ठरवलेले नाही. ग्रामपंचायतींनी कोंडवाड्याच्या दुरुस्तीबरोबर हाही खर्च धरला, तर येत्या दिवाळीनंतर गुरे सुटतील तेव्हा त्या विटा जागेवर असतील.