परतणाऱ्यांनी घाटाखाली का राहावे

परदेशात दहा-पंधरा वर्षे काढून मुलाबाळांसह परत येऊ पाहणारी कुटुंबे वकिलाला प्रथम कर, पारपत्र आणि मालमत्ता यांविषयी विचारतात. खरा प्रश्न त्यानंतर येतो : राहायचे कोठे? आपल्या भागातून गेलेल्यांपुरता हा प्रश्न दोनच पर्यायांवर येऊन थांबतो. आईवडील सौसरला किंवा पांढुर्ण्याला, संत्र्याची बाग लोधीखेड्याच्या किंवा मोहगावच्या शिवारात. पण सदनिका मात्र नागपुरात पाहून ठेवलेली. कारण विचारले, तर इस्पितळे आणि विमानतळ यांच्याही आधी उत्तर येते, ‘मुलांच्या मराठीसाठी.’

हा युक्तिवाद वरवर बिनतोड आहे. महाराष्ट्राने २०२० मध्ये कायदा करून राज्यातील सर्व मंडळांच्या आणि सर्व माध्यमांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची केली. मध्यप्रदेशात असा कायदा नाही आणि तो होण्याची अपेक्षाही कोणी करू नये. मग मुलांची मराठी टिकवायची असेल, तर केळवद ओलांडून अलीकडे येण्याऐवजी पलीकडेच का राहू नये? मला हा युक्तिवाद निम्माच खरा वाटतो, आणि उरलेल्या निम्म्यासाठी हा लेख.

नागपुरात मुलाला मराठीची तासिका मिळेल, पुस्तक मिळेल, गुण मिळतील. मधल्या सुटीत मात्र ते मूल हिंदीत भांडेल, हिंदीत खेळेल आणि रिक्षावाल्याशी हिंदीत बोलेल. नागपूरकरांनी रागावू नये. त्यांच्या शहराची जडणघडणच तशी आहे, आणि मध्यप्रांताची ती राजधानी होती हे विसरून चालत नाही. सौसरच्या आठवडी बाजारात नेमके उलटे आहे. भाजीचा भाव मराठीत ठरतो, बैलाचे वय मराठीत सांगितले जाते, मयतीचा निरोप मराठीत येतो. ती मराठी पुस्तकी नव्हे, वऱ्हाडी-नागपुरी वळणाची आहे. पवार समाजाच्या घरांत तिच्या शेजारी पवारी-भोयरी नांदते, आणि गोंडी तर या सर्वांहून जुनी. पण नांदती भाषा म्हणतात ती हीच. फक्त कागदावर तिचे नाव नाही. एकीकडे कागदावर मराठी आणि रस्त्यावर हिंदी, दुसरीकडे रस्त्यावर मराठी आणि कागदावर हिंदी, अशी ही निवड आहे.

ही विसंगती निसर्गाने निर्माण केलेली नाही. छिंदवाड्याहून दक्षिणेकडे निघालो की सिलेवानीचा घाट उतरावा लागतो. भाषेची सीमा त्या घाटावर आहे : वर हिंदी, खाली मराठी. घाटाखालचा हा सपाट काळ्या मातीचा पट्टा भूगोलाने आणि व्यवहाराने नागपूरच्या मैदानाचाच भाग. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुन्या मध्यप्रदेशातील आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. जिल्हा हे एकक धरल्यामुळे सौसर तहसील छिंदवाड्याबरोबर मागे राहिली, आणि राज्याची सीमा घाटावर न पडता घाटाच्या बरीच खाली पडली. त्याआधीच्या राज्यात हिंदी आणि मराठी या दोन्ही राजभाषा होत्या. सीमा बदलली तशी आमची एक राजभाषा एका रात्रीत नाहीशी झाली. बोलणारे मात्र होते तेथेच होते.

त्याचे परिणाम आम्हा वकिलांना रोज हाताळावे लागतात. बापाच्या तोंडी ‘सातबारा’, कागदावर ‘खसरा’. बोलण्यात ‘फेरफार’, अर्जात ‘नामांतरण’. शेतात ‘मोजणी’, आदेशात ‘सीमांकन’. घरी ‘मृत्युपत्र’, दस्तात ‘वसीयतनामा’. पक्षकार आपलीच जमीन परक्या शब्दांत ओळखायला शिकतो. नागपूरचे खंडपीठ दीड-दोन तासांवर, पण आमचे अपील सातपुडा ओलांडून जबलपूरला जाते. आणि नावे! हिंदीच्या नित्य लेखनात ‘ळ’ नाही. म्हणून जामसावळीचा मारुती फलकावर ‘जामसांवली’चा होतो आणि काळे आडनावाचा मुलगा गुणपत्रिकेत ‘काले’ होतो. पुढे तोच मुलगा महाराष्ट्रात नोकरीला गेला की काळे आणि काले ही एकच व्यक्ती असल्याचे शपथपत्र करावे लागते. एका अक्षरासाठी मुद्रांक कागद खर्ची पडतो.

तरीही मी परतणाऱ्यांना येथेच या असे म्हणतो, याला भाषिक कारण आहे. मराठी आणि हिंदी यांची लिपी एक आहे. बेळगावच्या मराठी मुलाला शाळेची म्हणून वेगळी लिपी शिकावी लागते. परदेशात जन्मलेल्या मुलाला तर देवनागरीच नवी असते. सौसरच्या शाळेत शिकणारे मूल हिंदीच्या निमित्ताने देवनागरी पक्की करतेच. मराठी वाचण्यासाठी त्याला ‘ळ’ हे अक्षर, ‘ऱ्य’सारखी एखादी खूण आणि फसव्या शब्दांची छोटी यादी एवढेच वेगळे शिकायचे असते. फसवे शब्द तर गमतीनेच शिकवावेत. अमेरिकेत रविवारच्या मराठी शाळेत चार अक्षरे शिकून आलेले मूल आमच्याकडील ‘जिला शिक्षा अधिकारी’ ही पाटी वाचून घाबरले तर नवल नाही. मराठीत शिक्षा म्हणजे दंड. ‘चेष्टा’ आणि ‘खाली’ यांचेही तसेच. थोडक्यात, ऐकायला बाजार आहे, बोलायला आजी आहे, लिपी शाळेत फुकट मिळते. उणी आहे ती केवळ आठवड्यातून चार तासिका शिकवणाऱ्या एका शिक्षकाची. ‘आम्ही घरी शिकवू’ म्हणणाऱ्यांना एवढेच सांगतो, की ज्या भाषेत मूल बोलते पण पत्र लिहू शकत नाही, ती एका पिढीत स्वयंपाकघराबाहेर पडेनाशी होते. आमच्याकडे ते घडताना दिसते आहे. आजोबांच्या पेटीतली मोत्यासारख्या अक्षरांतली मराठी पत्रे नातू हातात धरतो आणि खाली ठेवतो.

उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळी स्वतःच्या खर्चाने, सुटीचा दिवस मोडून मुलांसाठी मराठी शाळा चालवतात. तेथे शिकलेले मूल आपल्या आजोळी येते आणि तेथील शाळेत मराठीची तासिका नसते, यापेक्षा लाजिरवाणे काय असेल? याच राज्याने ऑक्टोबर २०२२ मध्ये वैद्यकीय शिक्षणाची हिंदी पुस्तके काढली. स्वभाषेतून शिकण्याचे महत्त्व त्याला पटलेले आहे, असेच मी धरून चालतो. हिंदीशी आमचे वैर नाही. ती मुलांना यायलाच हवी.

मात्र मोठी मुले असतील तर हिशेब वेगळा. मुलगी आठवी-नववीत असेल आणि तिला महाराष्ट्रातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात राज्याच्या कोट्यातून जायचे असेल, तर नागपूरच धरावे. महाराष्ट्र त्यासाठी सर्वसाधारणपणे अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही राज्यातूनच झालेली मागतो. कर्नाटकातील ८६५ वादग्रस्त गावांच्या मराठी विद्यार्थ्यांना त्याने या बाबतीत सवलत दिली आहे आणि ती योग्यच आहे. पण सौसर-पांढुर्ण्याच्या मुलासाठी तसे काही नाही, कारण आमच्या गावांवर महाराष्ट्राने न्यायालयात दावा सांगितलेला नाही. दावा नसेल तर भाषाबंधूही नाही, हा न्याय मुंबईने एकदा तपासून पाहावा. मुले परदेशी नागरिक असतील तर आणखी एक गाठ आहे. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार ‘ओसीआय’ कार्डधारक विद्यार्थी प्रवेशासाठी अनिवासी भारतीयांच्या बरोबरीने धरले जातात. सर्वोच्च न्यायालयाने ३ फेब्रुवारी २०२३ च्या निकालात त्या तारखेपूर्वी कार्ड मिळालेल्यांचे पूर्वीचे हक्क राखले. म्हणून गावाच्या आधी मुलाच्या कार्डावरील तारीख पाहावी.

बागेविषयीही दोन शब्द, कारण स्वप्न बहुधा तेथूनच सुरू होते. ओसीआय कार्डावर शेतजमीन विकत घेता येत नाही, बक्षीसपत्रानेही घेता येत नाही. वारशाने मात्र येते. तेव्हा आजोबांनी प्रेमापोटी परदेशी नागरिक असलेल्या नातवाच्या नावे बागेचे बक्षीसपत्र करू नये. मृत्युपत्र करावे. ज्यांनी भारतीय नागरिकत्व सोडलेले नाही आणि जे कायमचे परतले आहेत, त्यांना ही अडचण नाही. उलट महाराष्ट्रात शेतजमीन घेण्यासाठी आधी शेतकरी असावे लागते, तशी अट मध्यप्रदेशात नाही. आदिवासी खातेदाराच्या जमिनीवरील निर्बंध मात्र कडक आहेत आणि ते असलेच पाहिजेत.

आता ज्यांची मुले पाचवीच्या अलीकडे आहेत त्यांच्याकडे वळतो. माझे खरे म्हणणे त्यांच्याशी आहे. संविधानाच्या सातव्या दुरुस्तीने १९५६ मध्ये अनुच्छेद ३५०-क आला. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न राज्याने आणि स्थानिक प्राधिकरणानेही करावा, असे तो सांगतो. त्याला आकड्यांची जोड १९४९ च्या प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने आधीच दिली होती : वर्गात दहा किंवा शाळेत चाळीस मुले असतील तर त्या भाषेचा शिक्षक द्यावा. दहा! पांढुर्ण्यातील एका गल्लीत एवढी मुले निघतील. निघत नाहीत ते अर्ज. पिढ्यानुपिढ्या येथेच राहिलेले पालक प्रवेश अर्जातील मातृभाषेच्या रकान्यात ‘हिंदी’ लिहून मोकळे होतात. काही भिडेपोटी, काही सवयीने, काही ‘मराठी लिहिले तर मुलाचे नुकसान होईल’ या भीतीने. परदेशातून आलेल्या पालकाला ही भीड नसते. तिकडे शाळेला लेखी पत्र पाठवून लेखी उत्तर मागण्याची त्याला सवय झालेली असते. तीच येथे हवी आहे.

कोणी म्हणेल, तुमचे मूल तर इंग्रजी बोलते, त्याची मातृभाषा मराठी कशी? त्याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ मे २०१४ रोजी कर्नाटकाच्या प्रकरणात दिले आहे : मुलाची मातृभाषा कोणती, हे पालकांनी ठरवायचे, राज्याने नव्हे. हा निकाल इंग्रजी शाळांचे चालक फार उत्साहाने दाखवतात. तो आपल्याही कामाचा आहे. केंद्रीय मंडळाच्या खासगी शाळेत जाणाऱ्यांनीही संकोच करू नये. त्या मंडळाच्या विषयांत मराठी आहे. मध्यप्रदेश मंडळाच्या परीक्षेतही मराठीचा पेपर असतो. बसणारे हवेत.

याला आणखी एक निकड आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौसर या तहसिली मिळून नवा पांढुर्णा जिल्हा झाला. तो बहुतांशी जुनी सौसर तहसीलच आहे, म्हणजे घाटाखालचा मराठी मुलूख. अवाढव्य छिंदवाडा जिल्ह्यात मराठीचे प्रमाण बुडून जात असे. छेद मोठा, अंश लहान. आता छेद बदलला आहे. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये सुचवले होते, की एखाद्या जिल्ह्यात सत्तर टक्के वा अधिक लोक राज्यातील अल्पसंख्य भाषा बोलत असतील, तर त्या जिल्ह्याची राजभाषा ती असावी. आपण त्या आकड्याच्या किती जवळ आहोत, हे अंदाजाने सांगण्यात अर्थ नाही. जनगणनेची संदर्भतिथी १ मार्च २०२७ आहे, आणि पांढुर्णा ‘जिल्हा’ म्हणून मोजला जाण्याची ही पहिलीच वेळ. प्रगणक दारात घाईत असतो, ‘हिंदीच ना?’ असे विचारून पुढे सरकतो. त्याला थांबवून प्रत्येक व्यक्तीच्या नावापुढे मराठी लिहून घ्यावे, पाळण्यातल्या बाळाच्याही. ज्यांच्या घरी पवारी किंवा गोंडी बोलली जाते त्यांनी तीच लिहावी; आम्ही आमच्यासाठी जे मागतो ते त्यांना नाकारून चालणार नाही. येथे राहणारा माणूस येथे मोजला जातो, पारपत्र कोणत्याही देशाचे असो. नागपुरात सदनिका घेतलेले कुटुंब महाराष्ट्राच्या कोट्यवधींत एक होते. येथे ते दहातले एक असते.

शाळेच्या अर्जाविषयी शेवटचे. प्रवेश घेतानाच मुख्याध्यापकांच्या नावे मराठी शिकवण्याची मागणी करणारा अर्ज द्यावा, आणखी नऊ पालकांच्या सह्या मिळाल्या तर उत्तम, न मिळाल्या तर एकट्याचा द्यावा. एक प्रत जिल्हा शिक्षण अधिकाऱ्यांना आणि एक भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांना पाठवावी. अर्ज मराठीतच लिहावा. अनुच्छेद ३५० प्रमाणे गाऱ्हाणे संघात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडता येते, तो केवळ मराठीत आहे म्हणून परत करता येत नाही. सौजन्य म्हणून हिंदी भाषांतर जोडावे, मुलाचे आडनाव ‘ळ’सह लिहावे, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नये.