वारसा द्यावा, पण निवडून!

संगणकाशी कला शाखेचा काय संबंध, असे आपण म्हणाल. पण १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीतील, स्टीफन बोर्न यांनी लिहिलेले 'शेल' पाहा. त्यात नव्याने ठरवलेले मूल्य अपत्य-प्रक्रियेकडे आपोआप जात नाही. 'एक्स्पोर्ट' म्हणावे लागते. अपत्याला मिळते ती नक्कल. तिच्यात त्याने कितीही फेरफार केले, तरी जनकाचे मूल्य अबाधित राहते.

काहींना ही अडचण वाटते. मला हे शहाणपण वाटते. एकाच्या चुकीने सारे घर बिघडत नाही. मात्र एकदा दिलेले सहसा नातवंडा-पतवंडांपर्यंत पोचते. म्हणून परवलीचा शब्द असा सोपवू नये. काय द्यायचे हे थोरांनी ठरवावे, मिळालेल्याचे काय करायचे हे धाकट्यांनी. आपल्या घरांतही हाच न्याय का नसावा?